आशाताई, तुझा तो वीतभर दूर धरलेला हात

आशाताई, जय गुरुदेव.

तू आमच्या गावची आशा, म्हणजे घरोघर फिरून तब्येतीची विचारपूस करणारी आरोग्य कार्यकर्ती. गावात लहानथोर सगळे तुला आशाताईच म्हणतात, मीही म्हणतो. पण तू माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची, गावची सून, मला मामाजी म्हणतेस, म्हणून या पत्रात 'तू'च लिहितो. तोंडावर आभार मानायला गेलं की "त्यात काय मामाजी, कामच हाय माह्यं" म्हणतेस आणि पुढच्या घरी निघून जातेस. म्हणून चार लोकांत लिहितो आहे. टाईप नातवाने केलंय, शब्द माझे आहेत.

मागच्या पोळ्याच्या आठ दिवस आधी मी न्हाणीत पडलो. पहाटेची वेळ, फरशी ओली, स्लिपरचे तळवे घासून गुळगुळीत झालेले, आणि मी बाजेवरून ताडकन उठून तसाच निघालेलो. हाड मोडलं नाही, पण मनात भीती बसली. ३२ वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो. घाटंजी, पांढरकवडा, आर्णी, दारव्हा, या रस्त्यांवर खड्ड्याखड्ड्यांतून उसळणाऱ्या गाडीत एका हातात तिकिटांची पेटी अन् दुसऱ्या हातात चिमटा घेऊन उभा राहायचो. दांडी धरायला तिसरा हात नसायचाच. तोच मी माझ्या घरात भिंत धरून चालायला लागलो. पुढे भिंतीपर्यंत जाणंही सुटलं आणि दिवसरात्र बाजेवर पडून राहू लागलो.

घरचे वाईट नाहीत, हे आधी सांगतो. मुलगा म्हणायचा, "बाबा, तुमी कायले उठता? आवाज द्या ना." सून जेवण बाजेवर आणून द्यायची. उठायचंच झालं तर मुलगा बगलेत हात घालून मला उचलायचा, टपावरून पोतं उतरवावं तसा. प्रेमानेच करायचा. पण दिवसातून चार वेळा असं उचललं गेलं की माणसाला आपण पोतंच आहोत असं वाटायला लागतं.

मग तालुक्याला एका डॉक्टरकडे नेलं. नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. त्यांनी मान वर न करता विचारलं, वय किती? मुलाने सांगितलं, ७१. "मग आता असंच राहणार बाबाजी, वय झालं." आणि ताकदीची सलाईन लिहून दिली. एकदा नाही, तीनदा. मी कुठे पडलो, कसा पडलो, काय घालून चाललो होतो, पडायच्या आधी डोळ्यापुढे अंधारी आली होती का, यातलं एकही विचारलं नाही. ३२ वर्षांत प्रवासी कुठे उतरणार हे न विचारता मी कधी तिकीट फाडलं नाही. इथे माझं सगळं भाडं घेतलं आणि जायचं कुठे ते कोणी विचारलंच नाही.

त्या बाटलीत काय असतं ते पुढे तूच सांगितलंस. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. ग्लुकोजवाली असेल तर २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाच चमचे. हगवण-उलटीने सुकलेल्या माणसाचा त्याने जीव वाचतो, ते खरंच आहे. पण मांड्यांमध्ये बळ बाटलीतून उतरत नाही. हे एवढं वाक्य त्या खोलीत कोणी बोललं असतं तर माझा दीड महिना वाचला असता.

आणि मग तू आलीस. हातात तो तुमचा तीस वर्षांवरच्या सगळ्यांच्या तब्येतीचा फॉर्म होता. साठीच्या पुढच्यांसाठी त्यात वेगळे प्रश्न आहेत, त्यातला एक: उभं राहताना किंवा चालताना तोल जातो असं वाटतं का? मी म्हणालो, नाही. खोटं बोललो. सुनेसमोर, परक्या घरच्या पोरीसमोर कसं हो म्हणायचं? तू 'नाही'वर खूण करून निघून गेली असतीस तर तुला कोणी काही म्हटलं नसतं. त्या दिवशी तुला अजून बरीच घरं करायची होती, ते मला माहीत आहे. पण तू पेनाला टोपण लावलंस, फॉर्म बाजेवर उलटा ठेवलास आणि म्हणालीस, "मामाजी, त्या खुर्चीवर बसा. दोन्ही हात छातीवर घ्या. आता हात न लावता उठून दाखवा बरं."

मला उठता आलं नाही. बूड चार बोटं वर आलं आणि मी परत आपटलो. मुलगा सपरीतून धावत आला. तू एकच शब्द बोललीस, "थांबा, भाऊजी." आणि माझ्या कोपराखाली तुझा हात आणलास.

तो हात मला अजून दिसतो. तळवा वर, बोटं मोकळी, बोटांना निळी शाई लागलेली, मनगटात हिरव्या बांगड्या. माझ्या कोपरापासून एक वीत खाली. तू मला धरलं नाहीस. मी पडलो असतो तर त्या हातात पडलो असतो, आणि उठलो असतो तर माझ्या मी उठलो असतो. "मी हाय. उठा," म्हणालीस. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा अर्धा उठलो, पाय लटलट कापायला लागले. एवढा वेळ हात ताणून तुझा खांदा दुखत असणार, पण हात हलला नाही की जवळही आला नाही. तिसऱ्यांदा मी उभा राहिलो. दीड महिन्यात पहिल्यांदा कोणी उचलल्याशिवाय उभा राहिलो, ताई. डोळ्यांत पाणी आलं ते तू पाहिलंस आणि न पाहिल्यासारखं करून फॉर्म उचललास. त्याबद्दल वेगळे आभार.

त्या रात्री झोप आली नाही. एसटीत किती म्हाताऱ्या बायांना दंडाला धरून पायरीवरून आत ओढलं असेल मी! मदतच करत होतो, असंच वाटायचं. आणि किती वेळा त्या सीटवर टेकायच्या आत घंटी मारली असेल! "चला आजी, लवकर चला." उशीर व्हायचा, वर साहेब बोलायचे, हे सगळं खरं. पण कोणाच्या कोपराखाली वीतभर अंतरावर हात धरून थांबायचं मला ३२ वर्षांत सुचलं नाही.

तू घेतलेली परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. हात छातीवर घेऊन ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजायचं. माझ्या वयाच्या पुरुषाला १२ तरी जमायला पाहिजेत, त्याखाली आलं की पडायचा धोका. हाताचा आधार घेतला तर शून्य. मी पहिल्या दिवशी शून्य होतो. पण हाच सराव केला की पायाला बळ येतं, हे सांगितलंस ते महत्त्वाचं. म्हातारं माणूस दहा दिवस नुसतं अंथरुणावर पडून राहिलं तर पायांचं मांस किलोभर उतरू शकतं, असं अभ्यासात दिसलंय म्हणालीस. मी तर दीड महिना पडून होतो. ज्याला सगळे आराम म्हणत होते, त्यानेच माझे पाय गेले होते.

आता पहाटे डोळा उघडला की मी लगेच उठत नाही. बाजेच्या काठावर बसतो, पाय खाली सोडून घोटे हलवतो, पन्नासपर्यंत मोजतो, मग उभा राहतो. बीपीची गोळी घेणाऱ्याने हे केलंच पाहिजे. ताडकन उठलं की रक्तदाब खाली जातो आणि डोळ्यापुढे अंधारी येते. त्या पहाटे नेमकं हेच झालं होतं, फक्त कोणी विचारलं नव्हतं. न्हाणीच्या भिंतीला मुलाने लोखंडी दांडी बसवली, फरशी खरखरीत करून घेतली. दात घासताना सपरीच्या खांबाला एक बोट लावून एका पायावर उभा राहतो, मग दुसऱ्या. संध्याकाळी पारापर्यंत आणि पुढे धुऱ्याधुऱ्याने आमच्या वावरापर्यंत जाऊन येतो. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते: ६५ च्या पुढच्यांनी आठवड्याला १५० मिनिटं तरी दमदार चालावं आणि तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायाम करावेत. आपल्या पवनारहून विनोबा १९५१ साली भूदानासाठी पायी निघाले तेव्हा पंचावन्नच्या पुढचे होते, आणि १९६४ ला परत आले. मला फक्त वावरापर्यंत जायचं आहे.

जेवणावरून तू सुनेला नाही, मला बोललीस, हे बरं केलंस. मी म्हणायचो, म्हाताऱ्याला काय लागते, अर्धी भाकर चहात बुडवून झालं. तू हिशेब मांडलास. या वयात किलोमागे एक ग्रॅम तरी प्रथिनं पाहिजेत, माझं वजन ५६. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात तेवढीच. पातळ वरणाच्या पाण्यात कितीशी येणार? आणि आपण तर सोयाबीन अन् तूर पिकवणारी माणसं! पोत्यांनी सोयाबीन बाजार समितीत नेऊन टाकतो आणि घरच्या म्हातारीला ठेचा-भाकर. आता आमच्याकडे ज्वारीच्या दळणात भाजलेलं सोयाबीन थोडं असतं, वरण घट्ट असतं, सकाळी एक अंडं असतं. मीठ दिवसाला चमचाभराच्या आतच, म्हणून लोणचं सणापुरतं.

इथे एक सांगायचंच आहे. माझी बायको सहा वर्षांपूर्वी गेली. शेवटची दोन वर्षं ती कमरेत वाकली होती, आणि आम्ही सगळे वयच म्हणत होतो. ती सगळ्यांचं झाल्यावर जेवायची. भांड्याला चिकटलेलं वरण आणि उरलेली भाकर. तिच्या ताटात काय पडतं ते मी ४४ वर्षांच्या संसारात एकदाही उठून पाहिलं नाही. तू त्या काळात आमच्या घरी आली असतीस तर तिलाही खुर्चीवर बसवलं असतंस.

टॉर्च लावून माझं तोंड पाहिलंस ती गोष्टही विसरणार नाही. गालाच्या आत पांढरं दिसतं म्हणालीस, रागावली नाहीस, तपासून घ्या एवढंच बोललीस. तपासणीत वाईट काही निघालं नाही. पण त्या दिवसापासून खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पुडी बंद आहे. ड्युटीत जागं राहायला लागलेली सवय, निवृत्तीनंतरही १३ वर्षं सुटली नव्हती.

आता ऊन चढायला लागलं. आपल्या यवतमाळात पारा ४४-४५ ला जातो आणि म्हाताऱ्या माणसाला तहान लवकर कळत नाही, म्हणून तहानेची वाट पाहायची नाही, हे तू घरोघर सांगत फिरतेस, तेही भर उन्हात. मी रात्री उठावं लागेल म्हणून पाणीच कमी प्यायचो. आता दिवस मावळायच्या आत बाजेजवळच्या दोन बाटल्या संपवतो.

सगळ्यात मोठं औषध मात्र तू गोळीत दिलं नाहीस. जाताजाता विचारलंस, "मामाजी, प्रार्थनेले काऊन येत नाही? खंजिरी तं तुमीच वाजवत होते म्हणे." पडल्यापासून मी सामुदायिक प्रार्थनेला गेलो नव्हतो. लोकांनी चालताना पाहू नये म्हणून. तू दुसऱ्या दिवशी साडेसहाला दारात उभी राहिलीस. पन्नास पावलांच्या रस्त्याला आपल्याला पंधरा मिनिटं लागली, आणि तुझा हात पूर्ण वाट तसाच, वीतभर दूर. मी सतरंजीवर बसू शकत नव्हतो, तर पोरांनी मागे खुर्ची टाकली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या फोटोसमोर पुन्हा खंजिरी हातात घेतली. हात दुखले, पण घरी येऊन पोटभर जेवलो.

आता प्रार्थनेनंतर पारावर आम्ही सहाजण बसतो-उठतो. दोघी म्हाताऱ्या लुगडं सावरत मोजतात, एकजण तर ऐंशीची आहे. कोणी अडलं की बाजूचा कोपराखाली हात आणतो, धरत नाही. हे तुझंच शिकवणं.

हजार माणसांमागे एक आशा, असा हिशेब २००५ पासून चालू आहे. तुझं मानधन कधी वेळेवर येतं, कधी येत नाही, ते गावाला माहीत आहे. त्यासाठी तुम्ही बाया रस्त्यावर बसता तेव्हा आमच्यासारखे पेन्शनीतले लोक पेपर वाचून पलटवतात. यापुढे बसाल तेव्हा निरोप दे. मी येऊन बसेन, आणि माझ्या मी उठेन.

कॅलेंडरवर रोजचा आकडा लिहितो आहे. वे-बिलावर, म्हणजे कंडक्टरच्या तिकिटांच्या हिशेबाच्या कागदावर, तपासनीसाची सही व्हायची तशी तू दर महिन्याच्या पानावर सही करतेस. काल १३ झाले. या महिन्याची तुझी सही तेवढी राहिली आहे.

तुझा मामाजी,
निवृत्त एसटी कंडक्टर, जिल्हा यवतमाळ