शाळेचे दप्तर पुरात जाऊ देऊ नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि त्याखालची पहिली शाळा ४ मार्च १९१८ रोजी चिखली या गावी सुरू झाली. नामदार गोखले यांचे याच हेतूचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात नामंजूर होऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड होता, हे शाहू जयंतीच्या भाषणांतून आपण दरवर्षी ऐकतो. मात्र त्या सक्तीने कोणाची मुले वर्गात आली, १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद झाल्यावर कोण कोणाशेजारी बसू लागले आणि किती जण चौथीच्या आधीच गळाले, याचे उत्तर भाषणांत नाही. ते गावोगावच्या शाळांतील दाखलखारीज रजिस्टरात, म्हणजे मुलांच्या प्रवेशाच्या व शाळा सोडण्याच्या नोंदवहीत आहे.

हे दप्तर आज कोणत्या अवस्थेत आहे, ते मी स्वतः पाहिले आहे. २०१९ च्या महापुरानंतर नदीकाठच्या एका शाळेत लोखंडी पेटी उघडली, तेव्हा रजिस्टरांचा अक्षरशः लगदा झाला होता. आम्ही पाने सोडवून व्हरांड्यात वाळत घातली. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात एका मुलापुढे ‘गुरे राखण्यास’ एवढेच दोन शब्द शाबूत होते; त्याचे नाव शाईसकट वाहून गेले होते. मोडी लिपीतली काही पाने तर वाचून घेण्याआधीच हातात तुटली. तीस वर्षे हजेरी मांडलेल्या माणसाला ते पाहवत नव्हते.

कुणबी नोंदींच्या शोधासाठी अलीकडे हीच रजिस्टरे शासनाने चाळली. एका कामापुरती ती मोलाची ठरतात, मग ती जपण्याची व्यवस्था कायमची का नसावी? चिखलीसह पंचगंगेच्या पूररेषेतील सर्व जुन्या शाळांच्या रजिस्टरांचे जिल्हा परिषदेने मे महिन्याच्या सुटीतच स्कॅनिंग करून घ्यावे, मोडीतील नोंदींचे लिप्यंतर करवावे आणि एक प्रत कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात ठेवावी. मोडी वाचणारे जाणकार कोल्हापुरात आजही आहेत. रजिस्टरे पेटीतून काढून उतरवून देण्यास माझ्यासारखे निवृत्त शिक्षक विनामोबदला येतील. पाऊस सुरू होण्यापूर्वी आम्हाला फक्त बोलावणे यावे.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
ता. करवीर, जि. कोल्हापूर