वहीतलं 'मला' खोडणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार मानायचा प्रयत्न मी तीन-चारदा केला आणि दर वेळी तुम्ही 'ते राहू दे, पुढच्या सीनचं बोल' म्हणून मला गप्प केलंत. आता कागदावर तरी तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही. पत्र उघडं लिहितेय. अभिनय आणि मॉडेलिंगमध्ये पाय रोवू बघणारी आणि तुमच्यासारखं माणूस अजून न भेटलेली मुलंमुली खूप आहेत, त्यांच्याही ते हाती लागावं.

त्या दुपारी मी तुमच्यासमोर माझी वही ठेवली होती. पहिल्या पानावर, नवीन पेनानं, अगदी सुवाच्य अक्षरात माझी ध्येयं होती. मला दोन वर्षांत मुख्य भूमिका मिळाली पाहिजे. मला चांगली एजन्सी मिळाली पाहिजे. मला मोठ्या ब्रँडचं कॅम्पेन मिळालं पाहिजे. खाली दोन रेघा मारून तारीखही घातली होती. तुम्ही कौतुक कराल असं मला वाटलं होतं.

तुम्ही चष्मा लावलात, टेबलावरची बोटभर उरलेली पेन्सिल उचललीत आणि प्रत्येक ओळीतल्या 'मला'भोवती एकेक गोल काढलात. मग विचारलंत, "या वाक्याचा कर्ता कोण?"

मी म्हटलं, "मी."

"काय मिळाली पाहिजे?"

"भूमिका."

"मग कर्ता भूमिका. तू चतुर्थीत उभी आहेस, हात पुढे करून."

मला राग आला होता, ताई. तुम्हालाही तो दिसला असणार. तुम्ही शांतपणे पान उलटलंत आणि म्हणालात, आता अशी वाक्यं लिही ज्यांत 'मी' कर्ता आहे आणि क्रियापद तुझ्या हातातलं आहे. अर्धा तास मला एकही वाक्य सुचलं नाही. शेवटी लिहिलं ते एवढंच: 'मी रोज एक उतारा मोठ्यानं वाचेन.' तुम्ही त्याच्यापुढे बरोबरची छोटी खूण केलीत. शाळेनंतर इतक्या वर्षांनी कोणीतरी माझ्या वहीत अशी खूण केली होती.

हे सगळं आपल्याच धंद्यातलं आहे, हे तुम्ही नंतर समजावलंत. 1898 मध्ये मॉस्को आर्ट थिएटर उभं करणाऱ्या दोघांपैकी एक, कॉन्स्टँटिन स्तानिस्लाव्हस्की, नटाला प्रसंगात काय करायचंय यासाठी 'झदाचा' हा रशियन शब्द वापरत. इंग्रजीतून तो 'ऑब्जेक्टिव्ह' होऊन आपल्याकडे आला आणि फार भारदस्त वाटायला लागला. रशियनमध्ये मात्र झदाचा म्हणजे शाळेत मुलांना सोडवायला घालतात ते गणितसुद्धा. सोडवायची गोष्ट. 'दुःखी असणं' नटाला करता येत नाही. दार अडवणं, माफी मागायला लावणं, समोरच्यानं खरं बोलावं म्हणून त्याला घोळात घेणं, हे करता येतं. तुम्ही म्हणालात, "सीनमध्ये तू क्रियापद शोधतेस ना? मग स्वतःच्या वर्षाला नुसतं विशेषण का लावतेस? यशस्वी, प्रसिद्ध, व्यस्त. यातलं उद्या सकाळी उठून काय करणार?"

स्वप्न बघायला तुम्ही मला कधीच मनाई केली नाहीत, हे इथे मुद्दाम लिहिते. सगळ्या भूमिकेतून ओवलेला एक मोठा उद्देश असतो, ज्याला सुपर-ऑब्जेक्टिव्ह म्हणतात, त्यासाठी तुम्ही वहीचं शेवटचं पान राखून ठेवायला लावलंत. तिथे मी लिहिलं, 'साठीतही कॅमेऱ्यासमोर उभी असेन.' ते पान महिन्यातून एकदाच उघडायचं, रोज नाही, ही तुमची अट. मी ती आजही पाळते.

दुसरी मोठी चूक मी लगेच केलीच. ध्येय नेमकं आणि अवघड असेल तर 'जमेल तेवढं कर' यापेक्षा काम चांगलं होतं, हे एडविन लॉक या मानसशास्त्रज्ञानं 1968 मध्ये मांडलेलं माझ्या वाचनात आलं होतं. मग काय, वहीत आकडेच आकडे. महिन्याला पंधरा सेल्फ टेप, म्हणजे घरीच रेकॉर्ड करून पाठवायच्या ऑडिशन, आठवड्याला दोन टेस्ट शूट, म्हणजे सरावाचे फोटोशूट, दिवसाला इतक्या ईमेल. दोन महिन्यांनी माझ्या टेप आधीपेक्षा वाईट झाल्या होत्या. पंधरा पूर्ण करायच्या म्हणून मी साइड्स, म्हणजे ऑडिशनसाठी दिलेली संहितेची पानं, धड न वाचता रेकॉर्ड करत होते.

तेव्हा तुम्ही 1989 च्या एका अभ्यासाबद्दल सांगितलंत. रूथ कॅन्फर आणि फिलिप ॲकरमन यांनी अमेरिकन हवाई दलातल्या प्रशिक्षणार्थींना विमान वाहतूक नियंत्रणाचं नकली काम शिकवलं. काम अगदी नवीन असतानाच ज्यांच्यापुढे आकड्यांचं लक्ष्य ठेवलं, त्यांची कामगिरी घसरली, कारण जे लक्ष शिकण्याकडे हवं ते आकड्याकडे वळलं. हात थोडा बसल्यावर दिलेलं लक्ष्य मात्र कामाला आलं. "तुझा हात बसलाय का?" एवढंच विचारलंत. नव्हता बसला. पुढचे सहा महिने आकडे बंद, एका वेळी एकच गोष्ट शिकायची, असं ठरलं. या धंद्यात नव्यानं येणाऱ्या कुणालाही मी सगळ्यात आधी हेच सांगेन. आकड्यांची घाई फार नुकसान करते.

पहिली गोष्ट होती माझे डोळे. वाक्य आठवताना माझी नजर छताकडे जायची. मला ते कधी कळलंच नव्हतं. तुम्ही टेप आवाज बंद करून दाखवलीत आणि मग मला दुसरं काही दिसेचना. तीन आठवडे एकच ध्येय: 'मी वाक्य आठवताना नजर वर नेणार नाही.' तुम्ही स्टँडवर फोन आडवा लावायचात, लेन्स माझ्या डोळ्यांच्या रेषेत, फ्रेम छातीपासून वर, खिडकी माझ्या समोर. लेन्सच्या अगदी बाजूला काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावायचात आणि स्वतः त्या तुकड्यामागे बसून समोरच्या पात्राची वाक्यं वाचायचात. रीडर, म्हणजे अशी समोरची वाक्यं वाचणारा, फोनच्या जवळ असतो, म्हणून त्याचाच आवाज मोठा येतो. त्यामुळे तुम्ही मुद्दाम दबक्या, सपाट आवाजात वाचायचात. इतकी वर्षं रंगमंच गाजवलेली बाई माझ्यासाठी आपला आवाज खाली ठेवून बसायची. त्यात केवढं औदार्य होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. आज मी दुसऱ्यांसाठी रीडर म्हणून बसते तेव्हा कळतं. चांगलं वाक्य समोर आलं की जीभ शिवशिवते, आणि तरी आवरावी लागते.

टेप पाठवली की वहीत खूण करायची आणि ती फाइल पुन्हा उघडायची नाही, हाही तुमचाच नियम. ध्येय पाठवण्यापाशी पूर्ण होतं. निवड झाली नाही तर बहुतेक वेळा कुणी कळवतही नाही. शॉर्टलिस्ट झाल्याचा फोन येतो, तारखा होल्डवर जातात, म्हणजे ते दिवस त्या कामासाठी राखून ठेवायला सांगतात, आणि मग सगळं शांत होतं. त्या शांततेत मी पूर्वी आठवडे काढायचे. भुवई जाड म्हणून, उंची म्हणून, तिसऱ्या वाक्यात अडखळले म्हणून, अशी कारणं रचत बसायचे. कदाचित भूमिकेतल्या भावाशी माझा चेहरा जुळला नसेल, इतकंही साधं असू शकतं हे डोक्यातच येत नसे. खूण केल्यावर मन लगेच मोकळं होतं असं नाही, पण दुसऱ्या दिवशी काय करायचं ते ठरलेलं असतं.

मॉडेलिंगच्या बाबतीत तुमचा नियम मला एकदा तुमच्यावरच उलटवायचा होता. आठवतंय? मी लिहिलं होतं, 'मी दोन महिन्यांत कंबर दोन इंच कमी करेन.' कर्ता मी, क्रियापद माझ्या हातातलं, मुदत ठरलेली. सगळं तुमच्याच पद्धतीनं. तुम्ही वाचलंत आणि ती ओळ पेन्सिलीनं इतकी गच्च खोडलीत की मागच्या पानावर तिचा वळ उठला. मग एजन्सीला पाठवायचे डिजिटल्स, म्हणजे अगदी साधे फोटो, काढायला मला खिडकीशी उभं केलंत. मेकअप नाही, अंगाला बसणारे साधे कपडे, केस मागे. समोरून, दोन्ही बाजूंनी, पाठमोरी. "हे आज आहे ते माप. खरं माप लिहायचं आणि ज्याला हे चालतं त्याच्याकडे काम मागायचं." फ्रान्सनं 2017 पासून मॉडेलला डॉक्टरचा दाखला बंधनकारक केला, आणि जाहिरातीतल्या फोटोत शरीराचा आकार संगणकावर बदलला असेल तर तसं छापणंही. असे कायदे करायची वेळ का आली, ते तुम्ही त्या संध्याकाळी सांगितलंत. तुमच्या मैत्रिणीची गोष्टही सांगितलीत. ती इथे लिहीत नाही. त्या रात्री मी घरी जाऊन पोटभर जेवले, एवढं मात्र तुम्हाला कळवायचं राहून गेलं होतं.

करारांबद्दलचे आभार वेगळे मानते, कारण तिथे तुमचं न ऐकता मी आपटले. एका जाहिरातीच्या आनंदात कागद न वाचता सही केली. वापराची मुदत आणि माध्यमं मोकळी सोडलेली होती आणि एक्सक्लुझिव्हिटीचं कलम आत दडलेलं होतं. माझा फोटो मोबदल्याशिवाय पुढे वापरला जात राहिला, आणि त्याच प्रकारच्या उत्पादनाची दुसरी, चांगली जाहिरात मला सोडावी लागली. मी रडत आले तेव्हा 'सांगितलं होतं ना' हे तीन शब्द तुम्ही उच्चारले नाहीत. करार मागितलात, शेजारी बसलात आणि ओळीखाली बोट ठेवून वाचायला लावलंत. कुठल्या माध्यमात, किती काळ, कोणत्या प्रदेशात, आणि त्या काळात मला दुसरीकडे काय करता येणार नाही. हे चार प्रश्न तेव्हापासून वहीच्या पुठ्ठ्यावर आतून चिकटवलेले आहेत. काम देण्याआधीच नोंदणीसाठी किंवा ठरावीक फोटोग्राफरकडच्या पोर्टफोलिओसाठी पैसे मागणाऱ्याकडे पुन्हा जायचं नाही, एजन्सीची कमाई आपल्या कामावरच्या कमिशनमधून व्हायला हवी, हेही तिथेच लिहिलंय. दोनदा त्यामुळे वाचले.

आणि वय. प्रत्येक वाढदिवसाला मी तुमच्याकडे तोंड पाडून यायचे, आता उशीर झाला म्हणून. एका वर्षी तुम्ही मला कार्मेन डेलोरेफिचे यांचे फोटो दाखवलेत. जन्म 1931, 'व्होग'च्या मुखपृष्ठावर 1947 मध्ये, आणि ऐंशी ओलांडल्यावरही रॅम्पवर. पांढऱ्याशुभ्र केसांनी. मी म्हटलं, त्या लाखात एक. तुम्ही म्हणालात, "असतील. पण साठीचं पान तू लिहिलंयस, मी नाही." मग त्या वर्षासाठी मी तीन वाक्यं लिहिली. मी शोरील, म्हणजे माझ्या कामातल्या निवडक तुकड्यांचा व्हिडिओ, दोन मिनिटांच्या आत आणेन. मी एक नवी बोली कानावर घेईन. मी दर तीन महिन्यांनी हेडशॉट तपासेन, चेहरा बदलला असेल तर नवे काढेन. तिन्ही झाली. शेवटच्या वाक्यामुळे मी गेल्या वर्षी पहिल्यांदा आईच्या भूमिकेसाठी फोटो पाठवले, आणि दोन दिवसांच्या चित्रीकरणाचं ते काम मी केलं. छोटं होतं. फार आवडलं मला.

ताई, तुम्ही मला एकही काम मिळवून दिलं नाहीत. बाहेरची माणसं विचारतात, त्यांनी तुझी ओळख कुठे करून दिली, आणि माझ्याकडे उत्तर नसतं. तुम्ही फोन केले नाहीत, शब्द टाकला नाहीत. तुम्ही कितीतरी संध्याकाळी चिकटपट्टीच्या तुकड्यामागे बसून दुसऱ्याची वाक्यं वाचलीत. त्या प्रत्येक संध्याकाळीसाठी, त्या वळासाठी, त्या पहिल्या खुणेसाठी, मनापासून आभार.

आता एक काम. सोमवारी कॉलबॅक आहे, ऑडिशनला पुन्हा बोलावलंय. साइड्स काल आल्या, साडेतीन पानं. मुलगी घर सोडून निघालीय आणि आई तिला थांबवत नाही, उलट तिची बॅग भरून देते. मी मुलीचं क्रियापद शोधतेय, अजून दोनांत अडकले आहे. आईची वाक्यं तुम्ही वाचाल का? पेन्सिल माझ्याकडेच आहे, येताना आणते.

तुमचीच,
वहीवाली