‘सध्या काय करता?’ एवढ्यावर कामाचा इतिहास कळत नाही

संपादक महोदय,

दहावी-बारावीचे निकाल लागले की साताऱ्यात करिअर मार्गदर्शनाचे फलक झळकतात आणि मुलांना कलचाचण्यांना बसवले जाते. या चाचण्यांमागचा विचार शंभर वर्षांहून जुना आहे. बोस्टनमध्ये १९०८ साली फ्रँक पार्सन्स यांनी व्यवसाय मार्गदर्शनाचे कार्यालय सुरू केले. आधी स्वतःला ओळखा, मग कामांची माहिती घ्या आणि दोन्हींचा मेळ घाला, ही त्यांची रीत. जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये माणसांचे आणि कामांचे सहा प्रकार पाडले. आज आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अनेक चाचण्या त्याच सहा प्रकारांवर चालतात. डोनाल्ड सुपर यांनी पुढचा प्रश्न विचारला, तो अधिक मोलाचा: करिअर म्हणजे सतराव्या वर्षी केलेली एक निवड, की जन्मभर चालणारा प्रवास? उत्तर शोधण्यासाठी १९५१ पासून त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या मिडलटाऊन गावची शाळकरी मुले वर्षानुवर्षे अभ्यासली. त्यात मुली नव्हत्या.

आपल्या भागातला कामाचा प्रवास या कुठल्याच चौकटीत नीट बसत नाही. माण, खटाव, खानापूर, आटपाडीचा पोरगा मिसरूड फुटायच्या आत नात्यातल्या कुणाच्या गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या दुकानात परराज्यात जातो, काम शिकतो, पुढे स्वतःची भट्टी लावतो आणि उतारवयात गावी परततो. मधल्या काळात गावची शेती बायको किंवा भाऊ बघतो. जावळी-पाटणचा माथाडी मुंबईत राबतो, पण सुगीला गावाकडे येतो. फौजी पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून पस्तिशीत परततो आणि दुसऱ्या कामाला लागतो. यांतल्या कुणालाही ‘सध्या काय करता?’ विचारले, तर हाती एका दिवसाचे उत्तर लागते.

सरकारी पाहणीही याच प्रश्नावर बेतलेली आहे. २०१७-१८ पासूनच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात गेल्या ३६५ दिवसांतले मुख्य काम आणि किमान ३० दिवस केलेले जोडकाम नोंदतात. आठवड्याच्या हिशेबात तर सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर काम केले तरी माणूस रोजगारात धरला जातो. पूर्वी शहरातल्या निवडलेल्या घरी लागोपाठ चार तिमाह्यांत जात. जानेवारी २०२५ पासून खेड्यातल्या घरीही चारदा जातात, पण लागोपाठच्या चार महिन्यांत. आकडे दरमहा मिळू लागले ही चांगली गोष्ट, मात्र एकाच माणसावरची नजर आखूड झाली. ब्रिटनमध्ये मार्च १९४६ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या ५,३६२ मुलांचा माग आजही घेतला जातो. तसे काही आपल्याकडे उभे राहायला वेळ लागेल. तोवर मागे वळून विचारायची एक पद्धत आहे, आणि ती आपल्या महाविद्यालयांना आज जमण्यासारखी आहे.

ती म्हणजे कामाची दिनदर्शिका. मोठा कागद आडवा घ्यावा आणि दर वर्षाला तीन रकाने आखावेत: खरीप, रब्बी, उन्हाळा. चाळीस वर्षांच्या कष्टाला १२० रकाने होतात. ओळी पाच: घरातल्या घटना, मुक्काम, मजुरी-नोकरी-धंदा, शेती-जनावरे, आणि आजारपण किंवा भरतीची तयारी यात गेलेला काळ. कामाचा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. लग्न, मुलांचे जन्म, थोरली कितवीत होती, हे आधी भरले की नोकरीचे साल आपोआप आठवते. खुणेला १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, १९८२ चा गिरणी संप, २००५ आणि २०१९ चे महापूर, २०२० ची टाळेबंदी आहेतच. एका मुलाखतीला तासभर धरावा; एकाने बोलावे, दुसऱ्याने कागद भरावा.

चुका ठरलेल्या जागी होतात. दोन कामांमधले रिकामे महिने माणूस विसरतो आणि दोन्ही कामे एकमेकांना चिकटवून सांगतो. म्हणून प्रत्येक काम सुटल्यावर ‘मग पुढचा हंगाम कुठे गेला?’ असे विचारलेच पाहिजे. ‘पाचेक वर्षं होतो’ हे उत्तर तसेच लिहून घेऊ नये. पीएफचे पासबुक असेल तर तारखा ताडून पाहाव्यात. ‘कंपनीत होतो’ यावरून कुठलाच व्यवसाय-संकेतांक, म्हणजे कामाच्या प्रकाराचा ठरलेला क्रमांक, देता येत नाही. हाताने काय करत होतात, हजेरी कंपनीच्या पटावर की ठेकेदाराच्या, हे विचारावे लागते. सर्वांत मोठी चूक बायकांच्या बाबतीत होते. नवरा सांगतो, ‘ती घरीच असते.’ तिच्याशी वेगळे बसून भांगलण कुणी केली, धार कोण काढते, दुधाचे बिल कुणाच्या नावावर येते असे एकेक विचारले, की रिकामी ओळ भरत जाते.

आणि गावात जे भेटतात ते परत आलेले किंवा कधीच न गेलेले. बाहेर टिकलेले यादीत येतच नाहीत. म्हणून घरांची यादी गावात करावी, त्यात बाहेर गेलेल्यांची नावेही घालावीत आणि मुलाखती यात्रेच्या किंवा दिवाळीच्या आठवड्यात ठेवाव्यात.

महाविद्यालये नॅक या मूल्यांकन संस्थेसाठी दरवर्षी नोकरी लागलेल्यांचा आकडा भरतात. हाच वर्ग पाच आणि दहा वर्षांनी कुठे आहे, हे शोधायला दहा वर्षांपूर्वीच्या पटावरचे दर दहावे नाव घेतले तरी पुरे. भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ ज्या साताऱ्यात रुजवले, तिथल्या समाजशास्त्र-अर्थशास्त्र विभागांनी हे काम अंगावर घ्यावे, ही कळकळीची विनंती आहे. सुरुवात अग्निवीरांपासून करावी. चार वर्षांनंतर त्यांच्यातले जास्तीत जास्त २५ टक्के सैन्यात कायम होणार आहेत आणि पहिल्या तुकड्यांची मुदत २०२६-२७ मध्ये भरते आहे. ते गावी परतून पुन्हा पांगण्याआधी गावोगावची नावे, फोन क्रमांक आणि भरतीपूर्वीचे काम एवढे तरी वहीत यायला हवे.

– श्रम-पाहणीचे काम करणारे काही वाचक, सातारा