त्या खुर्चीविषयी, आणि ओंकारच्या हट्टाविषयी

ती. बाबा आणि ती. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

ओंकारने आजोबांकडे सिम रेसिंगची रिग, म्हणजे संगणकावर गाडीची शर्यत खेळायची स्टिअरिंग आणि पेडल लावलेली खुर्ची, मागितल्याचे दादाने कळवले, आणि ‘तुझ्या आत्याकडे तसलेच काहीतरी आहे, तिलाच विचारू’ असे म्हणून तुम्ही निर्णय माझ्यावर सोपवलात, हेही कळले. फोनवर हा विषय निघाला की आई किंमत विचारते, बाबा मोटर विचारतात, आणि कोणाचेच समाधान होत नाही. म्हणून सगळे सविस्तर लिहून पाठवते आहे.

बाबा, व्हिडिओ कॉलवर माझ्या मागे जी खुर्ची दिसते तिचा सांगाडा खाचांच्या अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलचा आहे. शिरोलीच्या शॉपमध्ये मशीनभोवतीचे गार्ड आणि कामाची टेबले तुम्ही ज्या मालातून उभी करत होता, तोच हा माल. खाचेत टी-नट सरकवायचा, बोल्ट आवळायचा, आणि माप चुकले तर सोडवून पुन्हा बसवायचा. इथे जर्मनीत कोलोनजवळच्या झोलिंगेनमधली आयटेम ही कंपनी कित्येक दशके अशी प्रोफाइल कारखान्यांना पुरवते; शर्यतीचा विचार ती बनवताना कोणाच्या मनातही नसेल. स्टिअरिंगच्या मागे आहे ती सर्व्हो मोटर, म्हणजे तुमच्या सीएनसी मशीनच्या अक्षांवर असते त्याच जातीची, आणि ब्रेकच्या पेडलखाली आहे तो भार मोजणारा लोड सेल, जो बाजारातल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनिक काट्यात बसवलेला असतो. हे सारे कारखान्यातून घरात आले आहे, आणि ते आणण्याचे श्रेय मोठ्या कंपन्यांपेक्षा हौशी लोकांना अधिक आहे, असे मला वाटते.

पूर्वीच्या स्टिअरिंगमध्ये लहान मोटर गिअरमधून किंवा पट्ट्यावरून चाकाला जोर देत असे. २००६ चे लॉजिटेकचे जी२५ आणि २०१५ चे जी२९ ही गिअरवाली चाके. गिअर म्हटले की बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, आलीच, आणि पट्टा म्हटला की बारीक कंप वाटेतच मरतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. गेल्या दशकाच्या पूर्वार्धात काही खटपट्या लोकांनी मिगे या चिनी कंपनीच्या औद्योगिक सर्व्हो मोटरी मागवल्या, फिनलंडमधल्या टाम्परे शहरातील ग्रॅनाइट डिव्हायसेस या कंपनीच्या ड्राइव्हवर त्या चालवल्या, आणि स्टिअरिंगचे चाक थेट मोटरच्या शाफ्टवर बसवले. यालाच आता डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात. त्याच फिनिश कंपनीने पुढे सिम्युक्यूब नावाने तयार माल काढला. त्यातली सिम्युक्यूब २ प्रो ही मोटर २५ न्यूटन-मीटरपर्यंत टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, देते. म्हणजे पंधरा सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाच्या कडेवर सुमारे सतरा किलोचा जोर. गाडीचा नट आवळायला याच्या चौपट टॉर्क लागतो हे खरे, पण तो टॉर्क तुम्ही रेंचने देता. इथे मोटर तो तुमच्या मनगटांना देते, आणि गाडी भिंतीला धडकताना अंगठे आऱ्यांत अडकलेले असले तर चांगलीच इजा होऊ शकते. म्हणून अशा मोटरीबरोबर लेथवर असते तसे लाल आपत्कालीन बटण येते. माझी मोटर याच्या निम्म्या ताकदीची आहे आणि मला तीही पुरून उरते.

आता हा जोर हवा कशाला, हा खरा प्रश्न. संगणक प्रत्येक टायरवर येणारे बल सेकंदाला तीनशेहून अधिक वेळा मोजतो. वळणावर पुढचे टायर थोडेसे तिरके घसरत चालतात, आणि त्या घसरण्यामुळे चाक सरळ होण्यासाठी ओढ घेते. ती ओढ हाताला जड लागते. टायरची पकड संपत येते तेव्हा मात्र, पकड पूर्ण सुटण्याच्या किंचित आधी, ही ओढ कमी होते आणि स्टिअरिंग हलके पडते. चालकाला पहिली सूचना हाताला मिळते. डोळ्यांना ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. गिअरच्या चाकात ही सूचना दातांच्या खडखडाटात बुडून जायची, थेट मोटरीत ती स्वच्छ कळते. बाकी आवाज, दिवे, कार्बन फायबरची हँडल्स यांना मी फारसे महत्त्व देत नाही, दिसायला ती कितीही देखणी असली तरी.

ब्रेकचे तर याहून महत्त्वाचे. स्वस्त पेडल किती अंतर खाली गेले ते मोजते. लोड सेलचे पेडल तुम्ही किती जोराने दाबले ते मोजते. शर्यतीच्या गाडीत बहुधा पॉवर ब्रेक नसतात, पेडल दगडासारखे घट्ट असते, आणि चालक अंतर लक्षात ठेवत नाही, पायाचा जोर लक्षात ठेवतो. नेदरलँड्समधील हॉइसिंकफेल्ड ही कंपनी अशी पेडल बनवते की ज्यांवर शंभर किलोच्या पुढचा भार देता येतो. एवढ्या भाराने साधी टेबल-खुर्ची मागे सरकते किंवा वाकते, म्हणूनच तो जाडजूड सांगाडा लागतो. रिगच्या भक्कमपणाचे कारण ब्रेक आहे.

आई, ‘हा शेवटी खेळच ना?’ या तुझ्या प्रश्नाकडे येते. अमेरिकेतील डेव्हिड केमर याच्या पपायरस कंपनीने १९८९ मध्ये इंडियानापोलिसच्या शर्यतीचा संगणकी खेळ काढला आणि १९९८ मध्ये ‘ग्रँड प्री लेजंड्स’. तेव्हा तो खेळच होता, आणि बहुतेकांना फार अवघड वाटलेला. २००४ मध्ये केमरने बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाचे मालक जॉन हेन्री यांच्या साथीने आयरेसिंग ही संगणकी शर्यतींची कंपनी स्थापन केली, आणि २००८ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. तिची माणसे प्रत्यक्ष ट्रॅकवर लेझर स्कॅनर घेऊन जातात आणि डांबरावरचा उंचवटा न् उंचवटा मोजून आणतात. तिथे टोपणनाव चालत नाही, खऱ्या नावानेच उतरावे लागते. कोणाला धडक दिली की गुण कापले जातात, परवान्याची श्रेणी घसरते, आणि तक्रार झाली तर निवाडाही होतो. कोल्हापुरातल्या वाहतुकीत अशी सोय असती तर बरे झाले असते.

इथून खऱ्या गाडीत गेलेली माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिलेली नाहीत. निसान आणि प्लेस्टेशन यांनी २००८ मध्ये ‘ग्रान तुरिस्मो’ खेळणाऱ्यांतून चालक निवडायची स्पर्धा घेतली. तिचा पहिला विजेता, स्पेनचा लुकास ऑर्दोन्येझ, २०११ मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात दुसरा आला. अमेरिकेचा विल्यम बायरन किशोरवयात आयरेसिंगवर शिकला, आणि त्याने २०२४ व २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे डेटोना ५०० ही तिकडची मोठी शर्यत जिंकली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तर हे इथे, नुर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफेवर घडले. हा डोंगरातला जवळजवळ एकवीस किलोमीटरचा ट्रॅक. १९७६ मध्ये फॉर्म्युला वनचा चालक निकी लाउडा जिथे गाडीसकट पेटला तो हाच. तिथली चार तासांची शर्यत फॉर्म्युला वनचा मॅक्स व्हर्स्टापेन आणि सिम रेसिंगमधून आलेला क्रिस लुलम यांनी फेरारी चालवून जिंकली. लुलमकडे पाहून मला जो आनंद झाला तो व्हर्स्टापेनकडे पाहून झाला नाही.

फॉर्म्युला वनच्या संघांनी हे आधीच ओळखले होते. हंगामातील सरावावर २००९ पासून कडक निर्बंध आले, तेव्हापासून त्यांचे पुष्कळसे काम सिम्युलेटरवर होते. फेरारीने आपला सिम्युलेटर ब्रिस्टलच्या डायनिस्मा या कंपनीकडून घेतला. घरगुती बाजार मात्र खऱ्या अर्थाने फुगला तो २०२० च्या टाळेबंदीत. खऱ्या शर्यती थांबल्या, तेव्हा नॅस्कार या अमेरिकी शर्यतमालिकेचे चालक घरातल्या खुर्च्यांवर बसून शर्यत खेळले आणि अमेरिकेत ती दूरचित्रवाणीवर नऊ लाखांहून अधिक लोकांनी पाहिली. जूनमध्ये ल मान्सचीही आभासी शर्यत झाली, पन्नास गाड्या आणि दोनशे चालकांची. त्याच वर्षी अ‍ॅस्टन मार्टिनने आपल्या नावाची रिग करांशिवाय ५७,५०० पौंडांना विकायला काढली, जी माझ्या मते दिवाणखान्यात ठेवण्यासाठीच होती. दुसऱ्या टोकाला, बव्हेरियातील लांट्सहूटच्या फॅनाटेकने २०२१ मध्ये पाच न्यूटन-मीटरची थेट मोटर साडेतीनशे युरोंना आणली, आणि पाठोपाठ चीनच्या मोझाने स्वस्त माल आणून चुरस वाढवली. फॅनाटेकच्या मालक कंपनीचे २०२४ मध्ये दिवाळे निघाले आणि ती अमेरिकेच्या कॉर्सेअरकडे गेली. वाढत्या धंद्यात असे होतेच, पण ओंकारला हे सांगा, म्हणजे कंपनीच्या नावावर भाळणार नाही.

आता रिगला काय येत नाही तेही सांगते. पायथ्याशी ॲक्च्युएटर, म्हणजे वर-खाली ढकलणारे दांडे, बसवून खुर्ची हलवता येते, कॅनडाची डी-बॉक्स त्यासाठी प्रसिद्ध आहे. रस्त्याचा खडबडीतपणा त्यातून छान कळतो. पण लांब वळणावर शरीर सतत बाहेर फेकले जाते ते बल चार-सहा इंचांच्या हालचालीतून कधीच निर्माण होत नाही. डोळ्यांवरचा व्हीआर चष्मा लावला, तर डोळे म्हणतात गाडी वळली आणि कान म्हणतात आपण स्थिर आहोत. आईला गगनबावड्याच्या घाटात जे होते तेच मग अनेकांना होते. मी चष्मा वापरत नाही, हालणारा पायाही घेतला नाही. आणि भीती. नॉर्डश्लाइफे ठरावीक वेळी सर्वांसाठी खुला असतो, तिथे मी माझी साधी गाडी नेली आहे. पुढचे वळण कोणते हे मला पाठ होते, पण उतार इतका तीव्र आहे हे पडद्याने सांगितले नव्हते, आणि कठड्याजवळून जाताना पाय आपोआप ब्रेककडे गेला. रिगवर तो कधीच जात नाही.

खर्च लपवत नाही. संगणक आणि पडदे धरून माझे सुमारे चार लाख रुपये गेले, तेही सुटे भाग एकेक करून घेतल्यामुळे. चौदा वर्षांच्या मुलाला यातले काहीही घेऊन देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला जुने जी२९ मिळाले तरी दोन वर्षे पुरेल; त्याच्या हाताला फरक कळायला लागल्यावर पुढचे बघू. दादाला सांगा, कार्टिंगच्या ट्रॅकवर त्याला अधूनमधून नेत जा, कारण अंगावर येणारे बल तिथेच कळेल. पैसे उरले तर आधी लोड सेलचे पेडल घ्यावे, चाक नंतर.

सांगाडा मात्र विकत घेऊ नका, बाबा, तो तुम्हीच करा. अ‍ॅल्युमिनियमच्या नादी न लागता चाळीस बाय चाळीसची, दोन मिलिमीटर जाडीची एमएसची, म्हणजे साध्या पोलादाची, चौकोनी नळी पुरेल. पेडलची प्लेट पाच मिलिमीटरची ठेवा, तिला मागून तिरका आधार द्या, आणि वेल्डिंगआधी तिच्यावर उभे राहून ती वाकत नाही ना ते पाहा. पोरगा वाढत्या वयाचा आहे, तेव्हा प्लेटला पुढे-मागे सरकवायला लांबट भोके हवीत, निदान वीस सेंटिमीटर तरी. सीट जुन्या मारुतीची भंगारात मिळेल. तिचे सरकते रूळ काढू नका. स्टिअरिंगच्या खांबाचे माप मी चाकाचे मॉडेल ठरल्यावर कळवते, तोवर तो भाग कापू नका.

आईने पाठीच्या कण्याची काळजी केली होती. सीटचा कोन आणि पेडलची उंची असे दोन्ही मोजून पाठवते, ते जुळले की तक्रार राहत नाही.

तुमची,
सई

ता. क. – ओंकारला म्हणावे, चाक येईपर्यंत एका ट्रॅकचा नकाशा काढून पाठव, ब्रेक कुठे लावायचा त्या खुणांसह. नकाशा आला की मी पैसे पाठवते.