वसईची घंटा आणि नाशिकचे काका

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

रविवारी, 31 जुलै 2022 ला, तुम्ही आम्हाला चर्चमधून घरी सोडलंत तेव्हा मी गाडीतून उतरताना धड दोन शब्द बोलले नाही. धाकटी झोपली होती. तिला खांद्यावर घेतलं आणि तडक जिना चढले. वर गेल्यावर खिडकीतून पाहिलं तर तुम्ही काच खाली करून अजून थांबलेलेच. तेव्हा जे तोंडातून निघालं नाही ते आता लिहितेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही केलंत ते चारचौघांना कळायला हवं.

आपली ओळख शिकागोतल्या एका गणपतीत झाली, आठवतं? कुणीतरी माझं आडनाव सांगितलं आणि तुम्ही विचारलंत, "वसईच्या का?" मी हो म्हटलं. लगेच तुम्ही म्हणालात, "मग तुमची एक घंटा आमच्याकडे आहे." नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर जी आहे, तीच. तिच्यावर 1721 साल कोरलंय, ती चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेतून तिकडे गेली, हे तुम्ही शाळकरी मुलासारखं भरभर सांगितलंत. मला वाटायचं, नाशिककरांना ती फक्त मोठ्या आवाजाच्या माणसाला उद्देशून म्हणतात त्या म्हणीतली माहीत असेल. ती कुठल्यातरी चर्चची होती आणि तिथली माणसं तिच्या आवाजावर उठत-निजत होती, हे एका नाशिककराच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

आम्हा वसईच्या ख्रिस्ती मुलांना मठ सुना होणं म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. शाळेची सहल किल्ल्यातच जायची. छप्पर नसलेली चर्चेस, खांबांवर चढलेल्या वडाच्या मुळ्या, कोपऱ्यातल्या थडग्यांवरची अर्धवट पुसलेली पोर्तुगीज अक्षरं. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन, या सगळ्या संन्यासी संघांचे मठ त्या एका तटाच्या आत होते. 1739 मध्ये किल्ला पोर्तुगीजांकडून मराठ्यांच्या हाती पडला, मठ ओस पडले. लोक मात्र गावात राहिले आणि त्यांनी प्रार्थना सोडली नाही. मी त्या राहिलेल्यांच्या घरातली.

म्हणून 7 ऑक्टोबर 2015 च्या पहाटे शिकागोच्या वुडलॉन भागातलं आमचं चर्च पेटलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे किल्लाच आला. छप्पर पूर्ण खाली आलं होतं, आकाश दिसत होतं. ही इमारत 1920 च्या दशकातली. 1976 मध्ये एकदा आतून जळलेली, पुढे बंद पडलेली, पाडायला निघालेली. 2004 मध्ये ती इन्स्टिट्यूट ऑफ क्राइस्ट द किंग या कॅथलिक संघाच्या कॅनन मंडळींकडे, म्हणजे त्यातल्या धर्मगुरूंकडे, आली आणि तिथे जुनी लॅटिन मिस्सा, म्हणजे लॅटिन भाषेतली कॅथलिक उपासना, सुरू झाली. त्यांनी एकेक कोपरा करत ती उभी करत आणली होती, आणि एका पहाटेत पुन्हा राख. त्या आगीतून अग्निशमन दलाच्या जवानानं बाळराजा येशूची जुनी लाकडी मूर्ती धडधाकट बाहेर आणली. मूर्ती वाचल्याचं सांगायला मी तुम्हाला फोन केला आणि बोलताना मला हुंदका फुटला. तुम्ही एवढंच म्हणालात, "मूर्ती आहे ना? मग घर होईल."

जानेवारी 2016 मध्ये इमारत पाडण्याची बातमी आली. तेव्हा जे धावून आले त्यांत कॅथलिक नसलेलेच कितीतरी होते. वुडलॉनची वस्ती बहुतांश आफ्रिकन-अमेरिकन. त्यांच्यातली वयस्कर मंडळी, जुन्या वास्तू जपणारे लोक, विद्यापीठातली मुलं. शेजारच्या प्रोटेस्टंट, प्रेस्बिटेरियन चर्चनं तर आपल्या आवारात आम्हाला उपासनेला जागा दिली होती. या गर्दीत तुम्ही होतात. आयुष्यभर पूल बांधलेला माणूस. कानटोपी घालून फूटपाथवर उभं राहून वर बघत होतात आणि शेजारच्या आजीबाईंना इंग्रजीतून समजावत होतात की बाहेरच्या भिंती सरळ आहेत, टेकू दिले तर टिकतील. बोटं गोठली म्हणून पेन तोंडात धरून तुम्ही सह्यांच्या कागदाची पुढची पानं उलटत होतात. मी ते विसरणार नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस इमारतीची मालकीच संघाकडे सुपूर्द झाली. ती तुमच्यामुळे वाचली असं मी म्हटलं तर तुम्हीच रागवाल. पण ज्यांच्यामुळे वाचली त्यांच्यात तुम्ही उभे होतात.

आणि तुम्ही मला कधीही विचारलं नाहीत की ही लॅटिन मिस्साच का, मराठीतली नाही का चालत. चालते, काका. वसईला गेले की मी मराठी मिस्सालाच जाते आणि त्या गायनाला तोड नाही. पण माझी आई वयाच्या विशीपर्यंत लॅटिनमध्ये गायली. अर्थ शब्दाशब्दानं येत नव्हता तरी 'तांतुम एर्गो' हे लॅटिन स्तोत्र भाकऱ्या थापताना तिच्या ओठावर असायचं. मग उपासना मायबोलीत आली आणि ते सूर मागे पडले. हजारो मैलांवर, एका अनोळखी शहरात मला आईच्या चुलीपाशी नेणारी जागा सापडली, ती ही. हे तुम्हाला कधी सांगितलंच नव्हतं. तुम्ही न विचारता आठ हिवाळे दर रविवारी आम्हाला तिथे न्यायला गाडी काढत राहिलात. मूल पोटात असताना, मूल कडेवर असताना, बर्फात.

16 जुलै 2021 ला रोमहून जुन्या मिस्सावर नवे निर्बंध आले, आणि पुढच्या वर्षी आमच्यापर्यंत पोचले. 1 ऑगस्ट 2022 पासून इथली सार्वजनिक मिस्सा आणि पापनिवेदन बंद. कॅनन मंडळी त्याच घरात राहतील, दारही त्यांचंच, फक्त आम्हाला त्यांच्या वेदीसमोर गुडघे टेकता येणार नाहीत. कुणावर चिडून लिहायची माझी इच्छा नाही. माझ्या श्रद्धेत आज्ञापालनाला मोठं स्थान आहे, आणि मी ते मानते. पण दुःख होतं ते होतंच, आणि ते लपवणं मला खोटेपणाचं वाटतं.

त्या शेवटच्या रविवारी तुम्ही नेहमीसारखे गाडीत पेपर वाचत बसला नाहीत. आत आलात. चपला कुठे काढायच्या म्हणून क्षणभर दाराशी घुटमळलात, मग शेवटच्या रांगेत उभे राहिलात. मी मागे वळून पाहिलं तर तुमचा हात वर. हातात मोबाईल. फादरांची परवानगी घेऊन तुम्ही माझ्या आईला व्हिडिओ कॉल लावला होतात. वसईत रात्रीचे साडेआठ वाजले होते. तुमच्या मनगटाला संधिवात आहे हे काकूंनी मला सांगितलंय. उजवा हात थकला की डावा, डावा थकला की पुन्हा उजवा, असं संपूर्ण मिस्साभर तुम्ही तो फोन छातीच्या वर धरून ठेवलात. 'सांक्तुस', म्हणजे मिस्सामधलं 'पवित्र, पवित्र' हे गीत, सुरू झालं तेव्हा फोनमधून एक बारीक, चिरका आवाज आला. आई गात होती. जवळपास साठ वर्षांनी एकही शब्द चुकला नाही. पुढच्या रांगेतली एक बाई वळून बघायला लागली आणि तुम्ही आवाज बंद करण्याऐवजी फोन थोडा आणखी वर धरलात.

आई आता रोज विचारते, "ते नाशिकचे बाबा बरे आहेत ना?" तिनं तुमच्यासाठी रोझरीतलं, म्हणजे जपमाळेतलं, दहा प्रार्थनांचं एक दशक राखून ठेवलंय. तुम्हाला चालेल ना, हेही विचारायला सांगितलंय. मी चालेल म्हणून सांगून टाकलं.

तुमच्या या सगळ्या कष्टांबद्दल मी तुमची ऋणी आहे, काका. तुमची आणि काकूंचीही. रविवारची त्यांची सकाळ इतकी वर्षं आम्ही घेतली.

गाडीत तुम्ही विचारलं होतंत, "मग पुढच्या रविवारी किती वाजता निघायचं?" मी बाहेर बघत राहिले, कारण निघून जायचं कुठे हेच मला कळत नव्हतं. आता ठरलंय. शहराच्या पलीकडे एका चर्चमध्ये अजून मिस्सा आहे, लांब आहे, तास सहज जाईल. साडेआठला निघू या. पोह्यांचा तुमचा डबा माझ्याकडेच राहिलाय. आईनं पाठवलेली सुकेळी, आमच्या वसईची वाळवलेली केळी, त्यात भरून खाली घेऊन येते.

तुमची,
वसईची लेक