व्यायामाचा हिशेब एकदाच धरा

महोदय,

व्यायामाच्या दिवशी थोडे जास्त खाल्ले तर चालेल का, हा वजन कमी करणाऱ्यांचा हमखास प्रश्न. कुणी ‘अवश्य खा’ सांगतो, कुणी ‘मग घाम गाळून उपयोग काय’ म्हणतो, आणि विचारणारा होता तिथेच राहतो. खरे उत्तर एका गोष्टीवर ठरते: रोजचा कॅलरींचा आकडा काढताना व्यायाम त्यात आधीच धरला आहे का?

समजा, ७० किलो वजनाच्या माणसाचे शरीर नुसत्या विश्रांतीत दिवसाला १५०० कॅलरी वापरते. बैठ्या दिनक्रमासाठी या आकड्याला १.२ ने गुणतात, म्हणजे १८००. ‘मध्यम व्यायाम’ हा पर्याय निवडला की गुणक १.५५ होतो आणि आकडा जातो २३२५ वर. मधल्या ५२५ कॅलरी बहुतांशी व्यायामाच्याच आहेत आणि त्या सातही दिवसांवर वाटल्या गेल्या आहेत. आता यातून ५०० वजा करून कुणी १८२५ वर आहार बेतला, आणि वर व्यायाम मोजणाऱ्या मनगटी घड्याळाने दाखवलेल्या ३०० कॅलरी आठवड्यातून चार दिवस खाल्ल्या, तर रोजच्या ५०० प्रमाणे होणाऱ्या ३५०० च्या साप्ताहिक तुटीतून १२०० गेल्या. तूट एक तृतीयांशाने घटली. ‘इतका व्यायाम करूनही काटा हलत नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हीच दुहेरी मोजणी असते.

त्यात घड्याळाचा आकडाही भरवशाचा नसतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये सात मनगटी उपकरणे तपासली. हृदयगती त्यांतल्या सहांनी चांगली मोजली. कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत अचूक ठरलेल्या उपकरणाचीही सरासरी चूक २७ टक्के होती. शिवाय दाखवलेल्या आकड्यात, तो तास नुसते बसून काढला असता तरी खर्च झाल्याच असत्या, त्या कॅलरीही बहुधा धरलेल्या असतात. ७० किलोच्या माणसाने तासाला ५ किलोमीटर वेगाने तासभर चालल्यास एकूण सुमारे २४५ कॅलरी लागतात; त्यातल्या ७० बसूनही लागल्या असत्या. निव्वळ कमाई १७५. ट्रेडमिलचा कठडा धरून चालले तर तीही घटते, आणि यंत्राला त्याचा पत्ता नसतो.

म्हणून गुणकात व्यायाम धरला असेल तर वेगळे काही मोजून खाऊ नये. बैठा गुणक घेतला असेल तर तासाभराच्या आतल्या चालण्यासाठी किंवा हलक्या व्यायामासाठी काही वाढवायची गरज नाही. त्याहून लांब किंवा जोरकस व्यायाम असेल तर उपकरणाने दाखवलेल्या आकड्याच्या निम्मे खावे.

व्यायामाच्या दिवशी खरोखर भूक लागते, तिचे काय? तिच्याशी झगडण्यापेक्षा आठवड्याची बेरीज कायम ठेवून वाटणी बदलावी. रोज सरासरी १८०० हवे असतील तर व्यायामाच्या चार दिवशी १९५० आणि उरलेल्या तीन दिवशी १६०० घ्यावे. बेरीज तीच, १२,६००. वाढीव १५० कॅलरी कर्बोदकांतून घ्याव्यात, म्हणजे साधारण ३७ ग्रॅम, आणि शक्यतो व्यायामाच्या एक-दोन तास आधी. स्निग्ध पदार्थ त्या वेळी टाळावेत. ते पोटात रेंगाळतात. प्रथिने मात्र विश्रांतीच्या दिवशीही कमी करू नयेत. दर किलो वजनामागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने आणि सोबत वजन उचलण्याचा व्यायाम असेल, तर घटणाऱ्या वजनात स्नायूंचा वाटा कमी राहतो. भूक कधी दुसऱ्या दिवशी उसळते. तसे होत असेल तर वाढीव वाटा त्या दिवसाकडे सरकवायला हरकत नाही.

दुसऱ्या टोकाची चूक जास्त घातक आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. याच ७० किलोच्या व्यक्तीने १८०० मधून ५०० वजा करून १३०० वर आहार ठेवला आणि त्या दिवशी १० किलोमीटर धावली, तर धावण्यात निव्वळ सुमारे ६३० कॅलरी गेल्या. उरल्या ६७०. चरबी वगळता शरीराचे वजन ५० किलो धरले, तर किलोमागे जेमतेम १३ कॅलरी. हा आकडा दीर्घकाळ ३० च्या खाली राहिला तर, विशेषतः स्त्रियांमध्ये, पाळी अनियमित होण्याचा किंवा थांबण्याचा आणि हाडे ठिसूळ होण्याचा धोका असतो. झोप उडणे, सतत थंडी वाजणे, वारंवार दुखापती ही आधीची लक्षणे. अशा दिवशी जास्त खाणे हा लाड नसून गरज आहे.

हिशेब बरोबर आहे का, हे काट्यावरच तपासावे, पण एका सकाळच्या नव्हे. जोरदार व्यायामानंतर स्नायू पाणी धरून ठेवतात. साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (म्हणजे शरीरातल्या राखीव कर्बोदकांसोबत) सुमारे ३ ग्रॅम पाणी येते. दुसऱ्या दिवशी काटा वर गेला म्हणून जेवण टाळणे चूक. रोजच्या वजनाची साप्ताहिक सरासरी काढून तीन-चार आठवडे पाहावी. आठवड्याला वजनाच्या १ टक्क्याहून जास्त घट होत असेल तर रोज १०० ते २०० कॅलरी वाढवाव्यात. काहीच घट नसेल तर आधी व्यायामापोटी खाल्लेले वाढीव बंद करावे. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी यातला कोणताही बदल डॉक्टरांना विचारूनच करावा, कारण व्यायाम आणि कमी आहार एकत्र आले की साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

एक विनंती. आपल्या आरोग्यविषयक पानावर आहारतक्ता छापताना त्याखाली एक ओळ जरूर द्यावी: यातील कॅलरी व्यायाम धरून आहेत की वगळून.

— एक आहारतज्ज्ञ वाचक