इरावतीबाईंचा बर्लिनचा प्रबंध मराठीत यावा

मा. संपादक,
स. न.

आमच्या इमारतीत नागालँडच्या दोन मुली भाड्याने राहतात. गेल्या आठवड्यात त्यांतल्या एकीबरोबर मंडईत गेले होते. भाजीवाल्याने मिरच्या तोलता तोलता मला विचारले, "ताई, ही चायनाची का नेपाळची?" मुलगी शेजारीच उभी होती आणि तिला मराठी चांगले समजते. तिने पिशवी माझ्या हातातून घेतली आणि घरापर्यंत एक शब्द बोलली नाही.

मी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवले. चेहरा पाहून माणूस कुठला ते ठरवायचे आणि त्यावरून त्याची पायरी लावायची, हे एके काळी विद्यापीठांत शास्त्र म्हणून चालत होते. ते जिथे जोरात चालले होते तिथेच जाऊन ते खोटे ठरवणारी बाई आपली होती, हे माझ्या विद्यार्थ्यांना मी कधी सांगितले नाही, कारण मलाच उशिरा कळले.

ब्रह्मदेशात जन्मलेल्या आणि तिथल्या नदीचे नाव मिळालेल्या मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे विशीत असताना बर्लिनला गेल्या. तिथल्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑइगेन फिशर त्यांचे मार्गदर्शक होते. हेच फिशर पुढे 1933 मध्ये, नाझी राजवटीत, बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. गोऱ्यांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग जास्त वाढलेला असतो, म्हणून त्यांची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते, आणि त्यातच त्यांच्या बुद्धीचे श्रेष्ठत्व आहे, असा फिशर यांचा कयास होता. इरावतीबाईंनी 149 कवट्या मापल्या. त्यांतल्या कितीतरी आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींतून, तिथल्या लोकांना न विचारता उचलून आणलेल्या. हातात कॅलिपर, म्हणजे मापायचा चिमटा, आणि पुढ्यात कुणाच्या तरी आजा-पणजाचे डोके! मापे सांगत होती की डाव्या-उजव्यातला फरक सगळ्यांतच आहे. वंशाचा त्याच्याशी काही संबंध नाही. परक्या देशात, ज्यांच्या सहीवर पदवी अवलंबून त्यांच्याच विरुद्ध जाणारा निष्कर्ष त्यांनी लिहून दिला. 1930 मध्ये डॉक्टरेट मिळाली, पण फिशर यांनी गुण हात आखडूनच दिले, असे इरावतीबाईंचे चरित्रकार सांगतात.

पुढे त्यांनीही महाराष्ट्रातल्या जातींची डोकी आणि नाके मापली. ते वाचताना मला अवघडल्यासारखे होते, आणि तेही झाकू नये. मात्र त्या मापांतून त्यांनी उच्च-नीच काढले नाही. त्यांचा प्रश्न होता, पोटजाती झाल्या कशा. एका मूळ जातीची शकले होऊन त्या झाल्या, हे त्यांचे गुरू, समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांचे मत. इरावतीबाईंचे म्हणणे, वेगवेगळे गट निरनिराळ्या वाटांनी येऊन एका नावाखाली बसले. 1968 मध्ये त्यांनी कैलाश मल्होत्रा यांच्यासह एकाच पातळीच्या आठ ब्राह्मण गटांची तुलना छापली, तीही याच वादातली. 'आमचेच रक्त शुद्ध' असे मोबाइलवर रोज पुढे ढकलणाऱ्यांनी ती जरूर पाहावी.

आपण त्यांचे ललित लेखन आवडीने वाचतो, त्यांच्या स्कूटरच्या आठवणी काढतो. बर्लिनचा तो जर्मन प्रबंध मात्र शोधूनही मला मराठीत मिळाला नाही. पुण्यात जर्मन जाणणाऱ्यांची वाण नाही. ज्या डेक्कन कॉलेजात त्यांनी उमर घालवली, तिथून हे काम सुरू झाले तर फार बरे. कवटीच्या हाडांची मराठी परिभाषा जुळवून द्यायला मी केव्हाही येईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, येरवडा, पुणे